टाकी परवडते की युनिट?

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या धाराशिवच्या घरात इंडक्शन शेगडी आली. एप्रिलमध्येच गॅसची टाकी पन्नास रुपयांनी महागली होती. मुंबईत ती ८५२ रुपये ५० पैशांना झाली, आपल्याकडे वाहतूक धरून आणखी थोडी वर. पुतण्याने दुकानातून शेगडीसोबत हिशेबाचा कागदही आणला होता. "काकू, एका टाकीचं काम १४० युनिटांत होतं. युनिट पावणेपाच रुपयांचं. म्हणजे ६६० रुपयांत टाकी!" कागदावरचा गुणाकार बरोबर होता, १४० चा आकडाही बरोबर होता. तरी पुढच्या महिन्याचं लाईट बिल शेगडीपायी नऊशेवर रुपयांनी फुगून आलं, आणि गॅस वाचला होता जेमतेम अर्धी टाकी.

आधी १४० युनिटं कुठून येतात ते सांगते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळाला की पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता निघते, म्हणजे पूर्ण टाकीत सुमारे १८० युनिटं. पण ती सगळी भांड्यात उतरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी. घरात खिडकीचा वारा, भांड्याबाहेर जाणारा जाळ, काजळलेला बर्नर यांमुळे ती आणखी घसरते. ६५ टक्के धरली तर ११७ युनिटांची उष्णता कामी येते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तेवढ्याच कामाला वीज लागते १४० युनिटं. टाकी ८७५ रुपयांना धरली तर गॅसच्या बरोबरीला यायला युनिट सव्वासहा रुपयांच्या आत पडलं पाहिजे. हा सव्वासहाचा आकडा लक्षात ठेवा.

आता लाईट बिल उलटून मागची बाजू बघा. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. दुकानदाराने तेवढाच धरला. त्यावर प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार होता, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले ६ रुपये ८२ पैसे. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी इथे धरलेलाच नाही. म्हणजे अगदी स्वस्तातलं युनिटसुद्धा सव्वासहाच्या वर गेलं. १०१ ते ३०० युनिटांना वीज आकार १० रुपये २९ पैसे होता. वहन आणि शुल्क मिळवून ते युनिट सव्वातेरा रुपयांच्याही थोडं वर जात होतं. या दराने एका टाकीचं काम करायला साडेअठराशे रुपये मोजावे लागत.

शंभर ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. पहिली शंभर युनिटं खालच्याच दराने राहतात, वरची तेवढी महाग पडतात. पण इंडक्शनची युनिटं घरात आधीपासून चालू असलेल्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना वरचाच दर लागतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला दरही उपयोगाचा नाही. त्यात स्थिर आकार मिसळलेला असतो आणि तो शेगडी आणली काय, न आणली काय, भरावाच लागतो.

आमच्या घराचा हिवाळ्यातला वापर ८५ युनिटांच्या घरात असतो. मे महिन्यात कूलर रोज बारा तास चालला, त्याचीच पासष्टेक युनिटं झाली. बोअरचं पाणी खोल गेलं की मोटार जास्त वेळ चालवावी लागते, तीही भर पडली. वापर १६५ वर गेलेला असताना इंडक्शनने ७० युनिटांची भर घातली, आणि सत्तरच्या सत्तर युनिटं सव्वातेराच्या दराने लागली. कळंब, भूम, परंड्याकडेही उन्हाळ्यातली घरं अशीच चालतात. म्हणून थोडं महाग पडूनही आपल्या घरात विजेवर शिजवायचंच असेल तर किती, हे शंभरातून नेहमीचा वापर वजा करून काय उरतं त्यावर ठरवा. आमच्याकडे हिवाळ्यात पंधरा युनिटं उरतात, उन्हाळ्यात एकही नाही.

हे मोजणं अवघड नाही. मीटरवर 'इम्पल्स प्रति युनिट' असा आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करायचं, फक्त शेगडी लावायची आणि मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. ६४ वेळा लुकलुकला तर ६४ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे १.२. शेगडी या आचेवर तासाला सव्वा युनिटाच्या आसपास घेते. तुरीच्या डाळीचा कुकर पंधरा मिनिटांत उतरला तर ०.३ युनिट झालं. गॅसचा हिशेब वजनाने करा. टाकीच्या उभ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. धान्याच्या काट्यावर टाकी ठेवली आणि तेवढं वजा केलं की उरलेला गॅस कळतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही आकडे कॅलेंडरवर टिपून ठेवा. नवी टाकी घेताना ती वजन करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे, तो सोडू नका.

भाकरीचा विचार वेगळा करावा लागतो. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, की शेवटी तवा बाजूला करून ती जाळावर धरायची. तेव्हा ती टम्म फुगते आणि कडा खरपूस होतात. इंडक्शनला जाळ नाही. आमचा लोखंडी तवा मध्ये खोलगट, तो काचेवर सपाट टेकत नाही. ॲल्युमिनियमची पातेली तर चालतच नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनचं. दोन वेळच्या भाकरी करणाऱ्या घरात गॅस राहणारच. विजेकडे वळवता येतात ती दूध, चहा, भात, वरण एवढी कामं.

आंघोळीच्या पाण्याचं गणित याच पद्धतीने करा. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला हीटरच्या सळईला अर्धं युनिट लागतं, म्हणजे त्या दरपत्रकाप्रमाणे शंभराच्या आत साडेतीन रुपयांच्या जवळपास, शंभरापुढे साडेसहाच्या वर. गॅसवर तीच बादली साधारण साडेतीन रुपयांत तापते.

उज्ज्वलाची जोडणी असेल तर २०२५ मध्ये टाकीमागे ३०० रुपये खात्यात जमा होत. ते वजा केले तर युनिट चार रुपयांच्या आसपास पडलं तरच बरोबरी होते, आणि महावितरणच्या २०२४-२५ च्या दरात ती होत नव्हती. अशा घरातल्या बाईला कुणी बचतीच्या नावाखाली हप्त्यावर इंडक्शन विकत असेल तर तिला हा हिशेब जरूर दाखवा.

छतावर सौर पॅनेल असतील तर मात्र चित्र पालटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिटं देतं. घरचा वापर भागून महिन्याला युनिटं शिल्लक राहत असतील तर ती शेगडीला वापरा, वरण-भात खुशाल इंडक्शनवर करा. पॅनेल नसेल तर दरपत्रक बदलेल तेव्हा, जसं ते जुलै २०२५ मध्ये बदललं, बिलामागचे नवे दर आणि टाकीची नवी पावती समोर ठेवून हिशेब पुन्हा मांडा. त्यात १४० तेवढे कायम राहतील, बाकीचे आकडे आपल्या कागदांवरचे घ्या.