सहा तासांच्या मॅरेथॉनचा खर्च

किलोमीटरला आठ मिनिटं या गतीने धावलं, तर ४२.१९५ किलोमीटरला साधारण पाच तास अडतीस मिनिटं लागतात. नऊ मिनिटांची गती असेल तर सहा तास वीस मिनिटं, दहाची असेल तर सात तासांच्या जरा वर. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे पाचला मुंबई मॅरेथॉनमध्ये सुटलेला हौशी धावपटू या हिशेबाने साडेदहा ते बाराच्या दरम्यान सीएसएमटीला परत पोचतो. मुंबईची पहाट तेव्हा छान गार असते. अकराचं ऊन मात्र चांगलंच लागतं. मरीन ड्राइव्हवर तर सावलीही नाही. बूट, खाणं, मुक्काम, परतीचं तिकीट हे सगळं या घड्याळाकडे बघून ठरवावं. दुकानात जे आधी दाखवतात ते बहुतेक तीन-साडेतीन तासांत शर्यत संपवणाऱ्यांसाठी असतं. त्यातलं बरंच आपल्याला लागत नाही आणि जे लागतं ते बऱ्यापैकी स्वस्त असतं.

देशातल्या मोठ्या पूर्ण मॅरेथॉनचं प्रवेशशुल्क ढोबळमानाने दोन ते साडेतीन हजारांच्या घरात असतं. नाव रद्द केलं तर पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि आपला बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी नियमपत्रिकेतला कट-ऑफ वाचा. शेवटच्या रेषेची वेळ आणि वाटेतल्या टप्प्यांच्या वेळा, दोन्ही पाहा. ही वेळ बंदूक उडाल्यापासून मोजतात की आपण सुरुवातीची वेळ नोंदणारी चटई ओलांडल्यापासून, हेही पाहा. संथ धावपटू मागच्या गटात उभा असतो आणि चटईपर्यंत पोचायलाच त्याची काही मिनिटं जातात. मोजणी बंदुकीपासून असेल तर ती मिनिटं आपल्या खात्यातून वजा होतात. सरावातला वेग कट-ऑफच्या अगदी काठावर असेल तर यंदा अर्ध मॅरेथॉन करा. शुल्क कमी आणि पायांचे हालही कमी.

सर्वात जास्त पैसे बुटांवर जातात, आणि जावेतही. पण कार्बन प्लेटचे पंधरा-वीस हजारांचे बूट घेऊ नका. ते वेगवान पावलासाठी बनवलेले असतात, मऊ आणि उंच असतात. थकलेल्या, चालत-धावत जाणाऱ्या पायाला त्यांत स्थिरता कमी मिळते. चार ते आठ हजारांत रोजच्या सरावाचे भरपूर गादीचे बूट मिळतात. नवं मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं तीस-चाळीस टक्के सवलतीत निघतं, ते बेलाशक घ्या.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. शर्यतीत घालणार तेच मोजे घालून जा. उभं राहून सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का, ते दाबून पाहा. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. मापताना ते विसरलं की शर्यतीनंतर त्याचं नख काळं पडतं. सहा तासांत पाय चांगलेच सुजतात. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्यावा लागला तर घ्या. बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात. शर्यतीआधी त्यांत सत्तर-ऐंशी किलोमीटर झालेले असावेत, त्यात एक लांब पल्लाही असावा.

मोजे सुती नकोत. घामाने भिजलेलं सूत फोड आणतं. सिंथेटिक मोज्यांची जोडी दोनशे ते पाचशेला मिळते. टोपी तीन-चारशेची, सनस्क्रीन तेवढ्याचंच. व्हॅसलिनची डबी शंभरच्या आतली, आणि या यादीतली सर्वात मोलाची वस्तू तीच आहे. काखा, मांड्या, पुरुषांनी स्तनाग्रं, बायकांनी ब्राच्या पट्ट्याची खालची कड, सगळीकडे जाडसर लावा. आंघोळीचं पाणी अंगावर पडेपर्यंत कुठे सोललंय ते कळत नाही. खोबरेल तेल तासाभरात घामाबरोबर वाहून जातं. बायकांनी स्पोर्ट्‌स ब्रावर कंजुषी करू नये. हजार-दीड हजाराची चांगली घ्या आणि लांब सरावात वापरून पाहा.

जीपीएस घड्याळ पंधरा-वीस हजारांचं घेतलंच पाहिजे असं नाही. संथ धावपटूला आलटून-पालटून धावणं आणि चालणं खरोखर उपयोगी पडतं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने ही पद्धत रूढ केली. त्यासाठी ठराविक वेळाने बीप करणारं हजार-दीड हजाराचं डिजिटल घड्याळ पुरतं. जुनं जीपीएस घड्याळ असेल तर त्याची बॅटरी सात तास चालते का, हे सरावातच तपासा.

आता खाणं-पिणं. ही बाजू मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जिवाला धोका आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीपेक्षा खाली गेलेलं होतं, काही थोड्यांचं तर घातक म्हणावं इतकं खाली. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. संथ धावपटू जास्त वेळ रस्त्यावर असतो, प्रत्येक टेबलापाशी थांबतो आणि ऊन म्हणून पाणी पीत राहतो. तहानेप्रमाणे प्या. नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसची पुडी वीस-पंचवीस रुपयांना मिळते आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ती कालवायची. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका एनर्जी जेलमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम असतात आणि एकाची किंमत शंभर ते दोनशे. सहा तास नुसत्या जेलवर काढायचे तर हजार-पंधराशे सहज जातात, शिवाय चौथ्या तासाला तो गोड चिकट घोट नको होतो. निम्मे जेल आणि निम्मे खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा असं जमवा. आपल्या गतीला माणूस सावकाश चावून गिळू शकतो, ही सवलत वेगवानांना नाही. मागे राहणाऱ्यांपर्यंत टेबलावरची केळी-संत्री कधीकधी उरत नाहीत. म्हणून पाच-सातशेचा कमरेचा पट्टा घ्या. त्यात खाणं, फोन आणि दोनशे रुपये रोख ठेवा.

बाहेरगावच्यांसाठी प्रवासाचा हिशेब असा. शर्यतीच्या दिवशी बिब मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत घ्यावा लागतो, अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) प्रदर्शनात. पुण्याहून शनिवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालात तर दुपारी बीकेसीतलं काम उरकतं. तिथून भूमिगत मेट्रो थेट सीएसएमटीला आणते. त्या प्रदर्शनात तासन्‌तास फिरू नका, पाय उद्यासाठी ठेवा. मुक्काम फोर्टमध्ये किंवा सीएसएमटीच्या आसपास शोधा. साध्या लॉजची खोली दीड ते तीन हजारांना मिळते, आणि चालत सुरुवातीपाशी जाता येतं हे महत्त्वाचं. पहाटे रस्ते बंद असतात, टॅक्सी जवळ येत नाही. उपनगरातल्या नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्या पहाटे पश्चिम आणि मध्य रेल्वे खास लोकल सोडतात. वेळापत्रक आदल्या आठवड्यात पाहून ठेवा.

खोली घेताना ‘रविवारी दोनपर्यंत राहू द्याल का’ हे पैसे देण्याआधीच विचारा. बहुतेक ठिकाणी अकरा-बाराला खोली सोडावी लागते आणि आपण त्या वेळी अजून रस्त्यावर असतो. अर्ध्या दिवसाचे पाच-सातशे जादा गेले तरी आंघोळ आणि तासभर पडून राहणं यासाठी ते द्यावेत.

परतीची गाडी दुपारची नको. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला सुटते, ती बरोबर बसते. नाशिककरांना पंचवटी, कोल्हापूरकरांना रात्रीची महालक्ष्मी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला. तारीख लिहून ठेवा. खिडकीपेक्षा मार्गालगतची जागा मागा, पाय पसरता येतात. आणि लोकलने घरी जाणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपण पदक गळ्यात घालून स्टेशनात शिरतो साधारण त्याच वेळी. कुठल्या मार्गावर कधी ब्लॉक आहे ते शनिवारी पाहा.