आधी चूल, मग वैल

अगं, न्यूजर्सीच्या भावजींना आजच मेसेज कर की बॅगेत स्लो कुकर भरू नका. ते हौसेने आणतील, तू हौसेने लावशील आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जळका वास सुटेल. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडचं तापणारं उपकरण इथे लावलं की व्होल्टेज दुपटीच्या जवळ जातं, त्याबरोबर करंटही तेवढाच वाढतो, आणि साडेतीनपटीहून जास्त उष्णता निर्माण होते. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो म्हणतात. चालत असेल, पण आठ-आठ तास चालणाऱ्या यंत्राच्या शेजारी आणखी एक तापणारा डबा कशाला ठेवायचा? लंडनहून कुणी येणार असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथलं व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त वायरमनकडून आपला तीन पिनांचा प्लग बसवून घ्यायचा. तोही नीट बसवून घ्यायचा, बाजारातला वीस-तीस रुपयांचा जोड नको. त्यातल्या बऱ्याच जोडांत अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते.

तुला तो का हवाय ते मला कळतं गं. सकाळी साडेसातला तू एमआयडीसीच्या बसला उभी, संध्याकाळी घरात पाय टाकलास की सगळ्यांच्या नजरा तुझ्या हाताकडे. सासूबाईंचे गुडघे गॅसपाशी उभं राहू देत नाहीत. तेव्हा घेऊच नकोस असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या घरात काय शिजतं ते बघून घे. फोनवर रील दाखवणाऱ्या बाईच्या घरात वाघ्या घेवडा येत नाही, तुझ्या घरात येतो.

खरं बोलायचंय ते त्याबद्दलच. कोरेगावहून तुमच्याकडे वर्षाचा घेवडा येतो. भौगोलिक मानांकन मिळालेला, अंगावर पट्टे असलेला, आमटीला गोडसर चव देणारा. कुकर घरात आला की पहिल्या आठवड्यात त्यात घेवडाच पडणार हे मी आत्ताच सांगते. रात्री भिजवलेला घेवडा सकाळी त्यात घालायचा, वर कांदा-लसूण मसाला, पाणी, बटण ‘लो’वर आणि तू कामाला. हे मात्र करायचं नाही.

वाघ्या घेवडा राजम्याच्याच जातीचा. या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक द्रव्य असतं. नाव विसरलीस तरी चालेल, त्याचं वागणं लक्षात ठेव. दाणा खळखळून उकळला की ते नष्ट होतं. पण पाणी ऐंशी अंशांच्या आसपास नुसतंच गरम राहिलं, तर तो दाणा कच्च्या दाण्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. भिजवलेले चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मागून जुलाब. १९७६ साली ब्रिटनमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी भिजवलेला कच्चा राजमा खाल्ला होता. ज्यांनी ज्यांनी खाल्ला ते सगळे आजारी पडले. लाल राजम्यात हे द्रव्य सगळ्यांत जास्त, इतर जातींत कमी असं म्हणतात. पण मी आपल्या घेवड्याला त्यातून सूट देणार नाही. घरात म्हातारं माणूस आहे आणि लहान लेकरू आहे.

आजीकडे चूल आणि तिच्या शेजारचा वैल होता, आठवतो ना? डाळ असो, हुलगे असोत, आधी चुलीच्या जाळावर चांगला कढ यायचा आणि मगच भांडं वैलावर सरकायचं. तिथे ते दुपारपर्यंत रटरटत राहायचं. वैलावर कुणी कच्चं कडधान्य आणि गार पाणी ठेवून शेताला गेलं नाही. या यंत्राला नुसता वैल आहे, चूल नाही. दीडशे-दोनशे वॅटवर चालतं ते, त्याच्याकडून जाळाची अपेक्षा कशी करायची? ‘लो’ काय आणि ‘हाय’ काय, शेवटी दोन्ही उकळीच्या जरा अलीकडे जाऊन थांबतात. फरक एवढाच की ‘हाय’ तिथे लवकर पोचतं आणि ‘लो’ला अर्धा दिवस लागतो. काही कुकर ‘लो’वर तिथवर पोचतच नाहीत.

म्हणून घेवडा, राजमा, चवळी असलं काही असेल तर निदान पाच तास भिजव, ते पाणी फेकून दे, नवीन पाण्यात गॅसवर खळखळ उकळ. ब्रिटनमध्ये दहा मिनिटं पुरेत म्हणतात, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अर्धा तास सांगतं. मी तर सरळ प्रेशर कुकरच्या शिट्ट्या घेते. त्यात तापमान शंभराच्या बरंच वर जातं, मग शंकाच नको. दाणा बोटाने चेपला गेला की मग खुशाल स्लो कुकरमध्ये घाल आणि मसाला मुरू दे. चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ अगदी शेवटी. आंबट-गोड आधी पडलं तर दाणा दडदडीत राहतो.

गंमत बघ, हे यंत्र जन्मलं ते कडधान्यासाठीच. आयर्विंग नॅक्सन नावाच्या शिकागोच्या ज्यू गृहस्थाने ते बनवलं. त्याच्या आईने लिथुआनियातल्या लहानपणची गोष्ट सांगितली होती. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी घेवडा-मांसाचं भांडं गल्लीतल्या भट्टीवाल्याकडे द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी आणायचं. भट्टी विझत विझत रात्रभर शिजवायची. १९४० साली त्याला पेटंट मिळालं, यंत्राचं नावच ‘बीनरी’. पुढे ‘रायव्हल’ कंपनीने त्याची कंपनी घेतली आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून ते घरोघर गेलं. पण तिथेही सुरुवात तापलेल्या भट्टीने होत होती, हे ध्यानात घे.

मटणाचंही तेच. फ्रीझरमधला दगडासारखा गोळा त्यात टाकायचा नाही. पाच ते साठ अंशांच्या मधली जी कोमट पट्टी आहे, तिथे जंतू भराभर वाढतात. गोठलेलं मटण त्या पट्टीत तासन्‌तास रेंगाळतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू दे. सकाळी मसाल्यावर परतून, रश्शाला कढ आणून, गरमच ओत. परतायला दहा मिनिटं जातात, पण चवही त्यातच आहे. नुसतं कच्चं घालून शिजवलेलं मटण मऊ होतं खरं, पण त्याला दवाखान्यातल्या सूपची कळा येते. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरू नकोस आणि दोन तृतीयांशाच्या वर नेऊ नकोस. सासूबाईंना सांग, झाकण उघडून बघायचं नाही. उघडलं की गेलेली वाफ परत यायला बराच वेळ लागतो. उरलेलं त्यातच ठेवून संध्याकाळी पुन्हा गरम करायचं, हेही नको. गॅसवर उकळ.

आता विजेचं. हा भाग दुकानदार सांगत नाही आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते. समजा, तू सात वाजता रस्सा लावून गेलीस. दहाला वीज गेली, दोनला आली. फिरत्या बटणाचा कुकर असेल तर वीज आल्यावर तो मुकाट्याने पुन्हा सुरू होतो. सहाला तू येतेस, झाकण काढतेस, छान गरम वाफ येते. मधले चार तास ते मटण कोमट पडून होतं हे तुला कधीच कळणार नाही. पुन्हा गरम झाल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी मधल्या वेळात तयार केलेलं विष उष्णतेला दाद देत नाही. डिजिटल कुकर निदान बंद पडून राहतो किंवा आकडे लुकलुकवतो, काहीतरी सांगतो तरी. म्हणून दिवसभर घर रिकामं राहणाऱ्या बाईने डिजिटलच घ्यावा, असं माझं मत. तुमच्या घरात सासूबाई असतात, त्यांच्यासाठी मोठं फिरतं बटण सोपं. पण मग वीज किती वाजता गेली, कधी आली हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दोन तासांच्या वर गेली आणि कुणी गॅसवर ठेवलं नाही, तर मांसाचा पदार्थ टाकून द्यायचा. जीव तुटतो, तरी टाकायचा. महावितरणकडे तुझा मोबाईल नंबर नोंदवलाय का बघ, देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असतील तर त्यांचा मेसेज येतो. त्या दिवशी सरळ पिठलं-भाकरी.

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतलं तुमचं घर जुनं. कुकर आणायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपास आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. त्याचे पैसे कुकरपेक्षा जास्त झाले तरी बसव, तो गिझरलाही उपयोगी पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको. वायर आखूड असते ती मुद्दाम, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. ओट्याच्या कडेला ठेवू नकोस. चिनी मातीच्या भांड्याचा कुकर बाहेरूनही चांगला तापतो आणि लेकरू हात लावणारच. विजेच्या बिलाची मात्र चिंता नको. दोनशे वॅटचा कुकर आठ तास चालला तरी दीड-पावणेदोन युनिट.

भांड्याचं म्हणशील तर तुझी शंका रास्त आहे. चिनी मातीच्या झिलईत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. चिंच-टोमॅटोचं आंबट त्यात आठ तास गरम राहिलं की ते उतरायला वाव मिळतो. नामांकित कंपनीचं पांढरं किंवा साधं, आतून नक्षी नसलेलं भांडं घे. आत तडा गेला, बारीक जाळी दिसायला लागली की त्यात पाणीही तापवू नकोस. फ्रीजमधलं गार भांडं तापल्या कुकरात ठेवलंस तर तडा ठरलेलाच. घरी शिसं तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर विसंबू नकोस. आणि आपल्या जुन्या भांड्यांचं कौतुक करतानाही जरा बेतानेच. २०२५ साली अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून इशारा दिला. सरसकट सगळीच भांडी वाईट नाहीत, पण वजनावर घेतलेलं बिननावाचं पातेलं स्लो कुकरपेक्षा सुरक्षित असं समजू नकोस.

मला विचारशील तर तुझ्यासाठी स्टीलच्या आतल्या भांड्याचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर बरा, ज्यात मंद शिजवायचंही बटण असतं तो. म्हणजे एकाच भांड्यात घेवडा आधी दाबाखाली शिजेल आणि मग सावकाश मुरेल. झिलईची भानगड नाही, फुटायची भीती नाही. त्यातलं मंद शिजवणं खालून तापतं, चिनी मातीच्या कुकरसारखं चहूबाजूंनी नाही, म्हणून घट्ट पदार्थ तळाला धरतो. जरा पाणी जास्त ठेव. सासूबाईंना ती बटणं जमणार नाहीत असं तू म्हणशील. त्या मोबाईलवर कीर्तन लावतात ना, मग हेही जमेल.

घ्यायचा तो साताऱ्यात किंवा इथे सांगलीत, दुरुस्ती कुठे होते ते विचारून, पक्क्या बिलावर. ऑनलाइन स्वस्त दिसतं, पण २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय खूण नसलेले प्रेशर कुकर विकू दिले म्हणून बड्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केला होता, हे विसरू नकोस. खूण असेल तर तिच्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघ, खोटी खूण लगेच पकडता येते. सेकंडहँड तर मुळीच नको. २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागात घराघरांत पाणी होतं. त्या पाण्यातून निघालेलं उपकरण पुसलं की बाहेरून नव्यासारखं दिसतं, आतल्या वायरचं काय झालंय ते कुणाला दिसत नाही.

कशाला चांगला? अख्ख्या मसुराला. इस्लामपूर-कऱ्हाडच्या ढाब्यांवर मिळतो तसा, एक कढ देऊन मग चार तास ठेवला तर दाणा अख्खा राहतो आणि रस दाट होतो. खपलीच्या खिरीला तर फारच छान. सडलेली खपली रात्रभर भिजव, शिट्ट्या दे, मग मंद ठेव. गूळ आणि नारळाचं दूध शेवटी, खसखस भाजून. वांग्यांना मात्र नको, कृष्णाकाठच्या वांग्यांचा नुसता लगदा होतो.

आणलास की पहिल्या दिवशी त्यात अन्न शिजवू नकोस. अर्ध्याहून जरा जास्त नळाचं पाणी भर, ‘लो’वर आठ तास ठेव आणि झाकण काढल्या काढल्या स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडव. थर्मामीटर नसेल तर माझा नेऊन ठेव, रविवारी येतेच आहेस. पंच्याऐंशी अंश किंवा वर दाखवलं तर ठेवून घे. त्याच्या खाली असेल तर बिल घेऊन त्याच संध्याकाळी दुकानात जा, आणि दुकानदार म्हणेल “मॅडम, वापरून वापरून तापायला लागतो”, तर ऐकू नकोस.