परग्रहावरच्या मित्राला घरात येऊ द्या

एक विचारू? खरं सांगा हं. गणिताच्या गाईडात लपवून पोरगं भलतंच पुस्तक वाचताना दिसलं, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? "हेच चाललंय का इतका वेळ?" यवतमाळ असो, वणी असो की पुसद, वाक्य तेच. आमच्याकडे फार तर त्याच्या आधी एक "काहून रे" लागतं.

त्यातून मुखपृष्ठावर मोठ्या डोळ्यांचा परग्रहवासी, शेजारी पोराच्याच वयाचा मुलगा आणि मागे अंतराळयान असलं, मग तर विचारूच नका. आपल्याला नेमका तेव्हाच कुणाचा तरी मुलगा आठवतो. तो म्हणे नीटच्या तयारीला नागपूरला आहे आणि पहाटे चारला उठतो. आणि आपलं रत्न मंगळावर!

यात दोष कुणाचा, ते राहू द्या. आपण दमलेले असतो. कुणी दिवसभर दुकानात उभं, कुणी शाळेत किंवा दवाखान्यात, कुणी कापसाची गाडी घेऊन जिनिंगसमोरच्या रांगेत. घरी येतो तेव्हा डोक्यात ट्यूशनचा हप्ता आणि उद्याचा डबा असतो. अशा डोक्यात दुसऱ्या ग्रहावरच्या पाहुण्याला जागा कुठून मिळायची?

पण जरा मागे जाऊन बघा. आपणही हेच करत होतो की. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि त्यांचाच फास्टर फेणे आपल्यातल्या कितीजणांनी पाठ्यपुस्तकाच्या आड वाचला असेल! जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ साली आला, त्यानंतरच्या पिढीनं तो वाचनालयातून आणून हातोहात फिरवला. आपण काही वाया गेलो नाही. निदान त्या पुस्तकांमुळे तर नाहीच.

नारळीकरांची एक गोष्ट मला फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तोवर शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव जगभर झालेलं. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं! एवढ्या मोठ्या माणसालाही पहिली गोष्ट दुसऱ्याच्या नावाआडून पाठवावीशी वाटली. मग आपल्या पोरांनी गोष्ट लिहिलेली वही गादीखाली ठेवली तर त्यात एवढं काय?

पुढे त्यांनी 'प्रेषित' ही कादंबरी लिहिली. दुसऱ्या ग्रहावरून आलेला मुलगा पृथ्वीवर, माणसांतच वाढतो. मुलांना हे कथानक पकडून ठेवतं, कारण चौदा-पंधराव्या वर्षी आपण या घरातले आहोत की दुसरीकडूनच इथं येऊन पडलो, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटत असतं. आरशातला चेहरा बदललेला, आवाज फाटलेला, कालचे मित्र आज दुसऱ्या बाकावर. परग्रहवासी कुणी असेल तर तो आपणच, असं वाटण्याचं ते वय.

या सगळ्या गोष्टींचा साचा पाहिलात का? एकटं पडलेलं एक पोर असतं. त्याला आकाशातून सोबती मिळतो. आणि ही बातमी मोठ्यांपासून लपवायची असते. १९८२ च्या 'ई.टी.'मध्ये हेच आहे. घरात पाहुणा राहतोय, आणि आईला बराच वेळ पत्ताच नसतो. २००३ चा 'कोई मिल गया' तर आपण सगळ्यांनी मुलांना मांडीवर घेऊन पाहिलाय. सगळे हिणवतात त्या रोहितशीच जादू नावाच्या परग्रहवासीयाची दोस्ती होते. त्या जादूला ताकद उन्हातून मिळायची. मे महिन्यात यवतमाळला उतरला असता तर बिचाऱ्याला ऊन पुरे म्हणायची वेळ आली असती!

त्याच्याही कितीतरी आधी, १९६२ मध्ये, सत्यजित राय यांनी 'संदेश' या मुलांच्या मासिकात बंकूबाबूंची गोष्ट लिहिली. गावातल्या बैठकीत सगळे ज्यांची थट्टा करतात असे हे शाळामास्तर. त्यांना एका रात्री परग्रहवासी भेटतो, आणि दुसऱ्या दिवशी ते बैठकीत ताठ मानेनं बोलतात. नंतर १९६७ च्या सुमारास राय यांनी बंगालमधल्या खेड्यातला हाबा नावाचा गरीब मुलगा आणि परग्रहवासी यांच्यावर चित्रपटाची संहिता तयार केली. तो चित्रपट झाला नाही. पण बघा, परग्रहवासी उतरवायला राय यांना मोठं शहर लागलं नाही. खेड्यातलं तळं आणि दुर्लक्षित पोर पुरलं.

मग मला प्रश्न पडला, या सोबत्याजवळ असं काय आहे जे आपल्याजवळ नाही? उडत्या तबकडीचं सोडा, ती आपल्याला परवडणार नाही. पण तो पोराला "किती पडले?" असं विचारत नाही. त्याला टक्के कळत नाहीत, सीईटी कळत नाही, शेजारच्यांचा मुलगा कोण तेही ठाऊक नाही. तो नुसता विचारतो, "हे काय आहे?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतो.

माझी मुलगी नववीत आहे. तिनं एकदा आपण होऊन तिची वही माझ्यापुढे ठेवली. तिच्या गोष्टीतला सोबती तिच्या मोठ्या काकांच्या वावरात उतरतो, ऐन वेचणीच्या दिवसांत. बोलायचं असलं की त्याच्या अंगाचा रंग बदलतो. समजलं नाही की तो निळा होतो. पांढरी बोंडं बघून तो हरखतो आणि मुलीला विचारतो, "इतकं सुंदर पीक विकून आल्यावर तुझे काका गप्प का बसतात?" मुलगी त्याला भाव म्हणजे काय ते सांगते, कर्ज म्हणजे काय ते सांगते. पानभर सांगते. तो निळाच राहतो.

ते पान मी दोनदा वाचलं. आमच्या घरात हा विषय पोरींसमोर निघत नाही. मोठी माणसं स्वयंपाकघरात, दार लोटून, हळू आवाजात बोलतात. आपल्याला वाटतं, मुलांना काही कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना सगळं कळतं हो. वर्गातल्या कुणाच्या घरी काय झालं, हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं. फक्त त्याविषयी विचारून ती आपल्याला आणखी दुखवत नाहीत. आपण त्यांना जपतो आणि ती आपल्याला. मग मनातलं बोलायला कुणीतरी लागतं. ज्याला काही ठाऊक नाही आणि ज्याला काही सांगितलं तर वाईट वाटणार नाही, असा कुणीतरी फार लांबचा.

म्हणून म्हणते, त्या पुस्तकावर, त्या वहीवर राग धरू नका. आपल्या पोराच्या मनात काय चाललंय, ते तिथे बऱ्यापैकी सरळ लिहिलेलं असतं.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आपण पालक मोठे उत्साही! कळलं की वहीत मन मोकळं होतं, की लागलो वहीची झडती घ्यायला. "हा काका म्हणजे आपले भाऊजी का ग?" असं एकदा विचारलंत की ती वही पुन्हा दिसायची नाही. दाखवली तर वाचावी. नाही दाखवली तर राहू द्यावी. आणि वाचल्यावर शुद्धलेखन तर मुळीच काढू नये, कितीही हात शिवशिवला तरी.

आपली दुसरी खोड म्हणजे लगेच अभ्यास काढणं. पोरगं म्हणतं, "आई, हा गुरूच्या चंद्रावरून आलाय," आणि आपण म्हणतो, "बरं, मग गुरूला चंद्र किती ते सांग." झालं, गप्पा तिथेच संपल्या. त्यापेक्षा "तिथे त्याला थंडी नाही का वाजत?" एवढं विचारून बघा. तोच चंद्र शोधायला ते स्वतःच पुस्तक उघडेल.

"खरं मानायला लागला तर?" ही भीतीही आपल्याला असते. बहुतेक मुलांना खरं-खोटं आपल्यापेक्षा चांगलं कळतं. गोष्टीत रमणं आणि माणसांतून उठून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर जेवत असेल, झोपत असेल, मित्रांत खिदळत असेल, तर परग्रहावरचा मित्र खुशाल असू द्या. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, सगळ्यांशी बोलणं बंद झालं, तर दोष पुस्तकावर ढकलून मोकळं होऊ नका. जवळ बसा, विश्वासातल्या शिक्षकांशी बोला, डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज कसली?

आणि हो, आपल्या भागातल्या मुलांजवळ एक श्रीमंती आहे, ती पुण्या-मुंबईच्या मुलांजवळ नाही. आपल्या खेड्यांवरचं आभाळ अजून काळं आहे. रानडुकरं, रोही पीक खातात म्हणून बाप रात्री जागलीला जातो. रात्रीची लाईन असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. ते कष्टच आहेत, त्यांचं कौतुक मी करणार नाही. पण सुटीच्या दिवशी पोर सोबत आलंच असेल, तर घटकाभर मोबाईल खिशात ठेवा आणि वर बघा. तारा कोणता, ग्रह कोणता, हे आपल्याला सांगता आलं नाही तरी चालतं. "मलाही माहीत नाही, दोघं मिळून शोधू," हे मुलांना ऐकायला फार आवडतं.

आपल्या विदर्भात तर आकाशातून खरोखरच वस्तू पडतात! २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? आभाळातून पेटती रेघ गेली आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. आणि बुलढाण्याचं लोणार? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आकाशातून येऊन आदळलेल्या पाषाणानं आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाडला. लग्नकार्यासाठी आपण सगळी सुट्टी खर्च करतो, एक दिवस लोणारला द्या. पहाटे निघालं तर रात्री घरी येता येतं.

मुलांना आणखी एक सांगा. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, न जाणो कुणी भेटलंच तर त्याच्यासाठी. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, आणि त्यात मराठीही आहे. गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही त्याच तबकडीवर आहे. म्हणजे परग्रहवासीयांशी मराठीत बोलायची तयारी शास्त्रज्ञांनी केव्हाच करून ठेवली. आपणच घरात "गप्प बस, अभ्यास कर" म्हणतो.

पुस्तकांना पैसे लागतात, हेही खरं. पण बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. गावात, तालुक्याला वाचनालय असतं, त्याची वर्गणी मोबाईलच्या रिचार्जपेक्षा कमीच भरते. २०१९ च्या जानेवारीत ९२ वं साहित्य संमेलन आपल्या यवतमाळला झालं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपुढे शाळकरी पोरं गर्दी करून उभी होती. वाचायची भूक आहे हो त्यांना. आपण फक्त "हे परीक्षेला येतं का?" असं विचारणं थोडं कमी करायचं.

नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देतो आणि त्याखाली सही करतो. आणि खरंच उत्तरं लिहायचे. त्यांच्याइतकं ज्ञान आपल्याजवळ नाही. पण पोराचा प्रश्न पूर्ण ऐकून घेणं आपल्या हातात आहे.

तर उद्या गाईडात लपवलेलं पुस्तक दिसलं, तर ते हिसकावू नका. दहा मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, "याचं नाव काय? हा कुठून आला?" आणि मग पोराला बोलू द्या.