पुनरावृत्तीचे काम यंत्राकडे सोपविताना

हैदराबादेहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर पोचमपल्ली हे गाव आहे. १९५१ साली विनोबांना पहिले भूदान मिळाले ते याच गावी, आणि इकत साडीमुळे देशभर ज्याचे नाव झाले तेही हेच गाव. या साडीचे सूत रंगविण्यापूर्वी ते अर्धवर्तुळात बसविलेल्या खुंट्यांभोवती ठरावीक क्रमाने गुंडाळावे लागते. या कामाला ‘आसू’ म्हणतात. एका साडीसाठी हात सुमारे नऊ हजार वेळा पुढे-मागे न्यावा लागे, आणि त्यात चार-पाच तास जात. हे काम बहुधा घरातील स्त्रीकडेच असे. आलेर परिसरातील एका विणकर कुटुंबातले चिंतकिंदी मल्लेशम यांनी आपल्या आईचे खांदे या कामाने दुखताना लहानपणापासून पाहिले होते. कित्येक वर्षे खटपट करून १९९९ साली त्यांनी आसूचे यंत्र पूर्ण केले आणि त्याला आईचे, लक्ष्मीचे, नाव दिले. पूर्वीचे चार-पाच तासांचे काम सुमारे दीड तासावर आले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मल्लेशम यांची शाळा सहावीतच सुटली होती. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. परंतु हाताची प्रत्येक हालचाल कोठून निघते, कोठे वळते आणि कोठे थांबते हे त्यांना पक्के ठाऊक होते. प्रस्तुत लेखाचा विषय सुताचा नसून संगणकावरील कामाचा आहे. तरीही माझे म्हणणे तेच आहे: काम यंत्राकडे सोपविण्यासाठी यंत्राची भाषा येण्यापेक्षा आपले काम आपल्याला पुरते कळणे अधिक आवश्यक आहे. मी स्वतः भाषेचा अध्यापक आहे. संगणकाची एकही आज्ञावली मी लिहिलेली नाही. माझ्यासारख्याच वाचकांसाठी हे चार शब्द आहेत.

आपल्या घरचे ‘आसू’

महाविद्यालयातील कोणत्याही मंडळाचे काम घ्या. गेल्या वर्षी मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून वक्तृत्व स्पर्धा घेतली. स्पर्धक फॉर्म भरतो. त्याचे नाव तक्त्यात लिहायचे, त्याला पोच पाठवायची, भाषेप्रमाणे नाव त्या त्या विभागाच्या यादीत घालायचे, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी आठवण द्यायची. एका नावाला चार मिनिटे धरली तर ऐंशी नावांना पाच तास वीस मिनिटे होतात. यात विचार करण्याजोगे काही नाही. असते ती फक्त कंटाळ्यातून होणारी चूक. साठाव्या नावाशी डोळे थकतात, आणि एकाची पोच दुसऱ्याला जाते.

अशी कामे आज आज्ञावली न लिहिता जोडता येतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीत १९७३ साली ‘पाइप’ची सोय झाली. एका कार्यक्रमातून निघालेली माहिती थेट दुसऱ्यात सोडायची, जणू एका नळाला दुसरा नळ जोडावा. मात्र तेथे आज्ञा टंकाव्या लागत. पुढे सामान्य माणसासाठी जोडणीच्या सेवा आल्या. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१० साली इफ्ट सुरू झाली; ‘हे झाले तर ते कर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. २०११ साली मिसुरी राज्यातील तिघा तरुणांनी झॅपियर काढली. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली फ्लो आणली व २०१९ साली तिचे नाव पॉवर ऑटोमेट केले. चेन्नईच्या झोहोची झोहो फ्लो आहे. बर्लिनमध्ये २०१९ साली निघालेली एनएटएन आपल्या स्वतःच्या संगणकावरही बसविता येते. बहुतेक सेवा थोडे काम विनामूल्य करू देतात. अधिक कामाला पैसे पडतात.

या सेवा करतात तरी काय? प्रत्येक मोठ्या ॲपला, आपण पाहतो त्या दर्शनी दाराखेरीज, एक मागची खिडकी असते. कचेरीच्या खिडकीशी ठरावीक नमुन्यातील चिठ्ठी दिली की ठरावीक उत्तर मिळते, तसेच तेथे चालते. जोडणीची सेवा म्हणजे या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चिठ्ठ्या नेणारा शिपाई होय. हा शिपाई दोन प्रकारे वागतो. काही ठिकाणी तो ठरावीक मिनिटांनी जाऊन “काही नवीन आहे का?” असे विचारतो, काही ठिकाणी नवीन काही येताच खिडकीतूनच घंटा वाजते. म्हणून एखादी पोच लगेच जाते, तर एखादी दहा-पंधरा मिनिटांनी. विद्यार्थ्याने यात घाबरून पुन्हा फॉर्म भरू नये.

आधी वही, मग संगणक

पहिली पायरी संगणकावर नाही. आठवडाभर वहीत नोंद ठेवावी: कोणते काम, किती वेळा, दर वेळी किती मिनिटे. जे काम वारंवार येते आणि दर वेळी तंतोतंत सारखेच असते, तेच निवडावे. महिन्यातून एकदा येणारे दोन मिनिटांचे काम जोडण्यात दोन तास घालविणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी पायरी म्हणजे ते काम एका वाक्यात लिहिणे. आमचे वाक्य असे होते: “जेव्हा फॉर्म भरला जाईल, तेव्हा भाषा मराठी असेल तर मराठीच्या यादीत, कन्नड असेल तर कन्नडच्या यादीत नाव लिहावे, आणि स्पर्धकास पोच पाठवावी.” व्याकरण शिकलेल्यांना हे वाक्य नवे नाही. ‘जेव्हा’ने सुरू होते ते निमित्त, ‘तर’पूर्वी येते ती अट, आणि शेवटी कृती. सगळ्या जोडणी-सेवा याच तीन गोष्टी विचारतात. वाक्य कागदावर नीट बसत नसेल तर ते पडद्यावरही बसणार नाही.

तिसरी पायरी ओळखीची. यंत्राला माणूस ओळखता येत नाही, फक्त अक्षरे जुळविता येतात. आणि आपल्या शहरात नावाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. मराठी विद्यार्थी नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. तेलुगू विद्यार्थी घराण्याच्या नावाचे आद्याक्षर आधी लिहितो. कन्नड मुलांपैकी काही गावाचे आद्याक्षर लावतात, काही वडिलांच्या नावाचे. ‘पहिले नाव’ असा रकाना ठेवला तर निम्म्या मुलांना “प्रिय के.” अशी पत्रे जातील. कुलकर्णी तर आमच्या दोन्ही विभागांत आहेत, आणि इंग्रजीत ते आपले नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. यास्तव ओळख नावावरून न ठेवता हॉल तिकीट क्रमांकावरून ठेवावी आणि पत्रात पूर्ण नाव जसे लिहिले तसेच घ्यावे.

आता संगणकापाशी बसावे. गूगल फॉर्म तयार करून त्याचे प्रतिसाद तक्त्याला जोडावेत. एवढ्यासाठी तिसऱ्या सेवेची गरजही नाही. मग जोडणी-सेवेत खाते उघडावे. ‘नवा प्रतिसाद’ हे निमित्त निवडावे, भाषेची अट घालावी, आणि ‘तक्त्यात ओळ लिही’ व ‘ईमेल पाठव’ या कृती द्याव्यात. पत्राच्या मजकुरात नावाच्या जागी फॉर्ममधील नावाचा रकाना बसवावा. लगेच जाहीर न करता आधी तीन खोट्या नोंदी कराव्यात: एक बिनचूक, एक अर्धवट भरलेली, आणि एक दोनदा भरलेली. पहिली सर्वांचीच नीट जाते. जोडणीची खरी परीक्षा उरलेल्या दोन घेतात.

त्यानंतरही लक्ष ठेवावे लागते. खात्याचा परवलीचा शब्द बदलला की जोडणी तुटू शकते आणि बाहेरून काही कळत नाही. पोच पाठविणारे खाते आणि “मी रजेवर आहे” असे आपोआप कळविणारे खाते समोरासमोर आले तर दोघे एकमेकांना उत्तरे देत बसण्याचा धोका असतो. म्हणून दर आठवड्याला एकाने सेवेतील कामाची नोंदवही उघडून पाहावी, आणि ते नाव आधीच ठरवावे.

जे सोपवू नये

येथवर सोयीचे झाले. आता जे मला विशेषत्वाने सांगावयाचे आहे ते सांगतो.

आमच्या स्पर्धेच्या तयारीत एका हुशार विद्यार्थ्याने आणखी एक अट सुचविली: तक्त्यात शुल्काची नोंद नसेल तर अंतिम मुदतीनंतर नाव आपोआप वगळावे आणि तसे कळवावे. अट घालणे दोन मिनिटांचे काम होते. मी एवढेच म्हणालो की, नाव वगळू नये. अशा नावांची यादी माझ्या मेजावर यावी. यादीत पाच नावे आली. चौकशी करता त्यांतील तिघांनी शुल्क रोखीने दिले होते आणि पावतीपुस्तकात त्याची नोंद होती. तक्त्याला ती ठाऊक नव्हती. तिघांतील एक मुलगी दोन महिने पाठांतर करीत होती. तिला “आपले नाव वगळण्यात आले आहे” असे पत्र रात्री बारा वाजता गेले असते, आणि ते कोणी पाठविले हे विचारायला सकाळी कोणीच सापडले नसते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली तर काय होते हे आपल्याच राज्यात दिसले आहे. तेलंगणात निरनिराळ्या सरकारी खात्यांतील नोंदी जुळवून पाहणारी ‘समग्र वेदिका’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली. नाव, पत्ता अशा साम्यावरून ती एकाच माणसाच्या नोंदी शोधते. शिधापत्रिकेस कोण अपात्र हे ठरवितानाही तिचा वापर झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, हैदराबादेतील एका रिक्षा ओढणाऱ्याच्या नावे मोटार असल्याचे या नोंदींत निघाले आणि त्याच्या कुटुंबाचे धान्य बंद झाले. तत्पूर्वी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्यात २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यास सांगितले होते. रद्द झालेल्या सर्वच पत्रिका चुकीने गेल्या असे नव्हे. पण दारात जाऊन पाहिल्याशिवाय खरी कोणती आणि खोटी कोणती हे कळणार नव्हते, म्हणून तर तो आदेश द्यावा लागला.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. देण्याचे, कळविण्याचे, नोंदविण्याचे काम यंत्राने खुशाल करावे. काढून घेण्याचे, नाकारण्याचे, दंड करण्याचे काम माणसाच्या सहीवाचून होऊ नये. पॉवर ऑटोमेटसारख्या सेवांत “पुढे जाऊ का?” असे विचारून थांबण्याची पायरी ठेवता येते. ती ठेवावी. अनुपस्थितीचे पत्र घरी पाठविताना, शुल्क थकल्याचे कळविताना, ही पायरी कधीही गाळू नये.

दुसरी सावधगिरी परवानगीची. सेवेला खाते जोडताना ती काय काय वाचण्याची मुभा मागते ते नीट पाहावे. विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक स्पर्धेसाठी घेतला तर तो स्पर्धेपुरताच वापरावा आणि काम संपताच तक्त्यातून काढावा. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेव म्हणून आहे, ही जाणीव सुटायला नको होती.

मल्लेशम यांच्या यंत्राने हाताचे कष्ट वाचविले. साडीवर कोणती नक्षी उमटावी हे मात्र विणकरच ठरवितो. आपल्या मंडळांतही हीच वाटणी असावी. वाचलेले पाच तास स्पर्धकांचे भाषण ऐकण्यात, त्यांचे उच्चार सुधारण्यात गेले तर ही सारी खटपट सार्थकी लागली. ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी, मग ते मराठी विभागाचे असोत की कन्नड, एक आठवडा वहीत नोंद ठेवून ती मजकडे आणावी. पहिली जोडणी आपण मिळून करू.