नाव चुकले की उपाय चुकतो : वसाहतीने राहणाऱ्या सी-स्क्वर्टची ओळख

गाजरगवताला कोणी काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव मात्र एकच : पार्थेनियम हिस्टेरोफोरस. खाडीत दोरांवर शिंपल्यांची शेती करणाऱ्यांनाही असेच एक 'तण' सतावते. ते म्हणजे सी-स्क्वर्ट.

वर्गीकरण : दोरावरचा हा बुळबुळीत थर शेवाळासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. एका थरात हजारो सूक्ष्म जीव एकत्र राहतात. त्यांच्या पिल्लांना शेपटी व तीत पृष्ठरज्जू असतो, म्हणून त्यांची गणना समपृष्ठरज्जू संघात होते. नावातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रंगावरून जात ठरत नाही. चुन्याच्या सूक्ष्म काट्यांचा आकार, पिल्लांची रचना व वीर्यनलिकेचे वेढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

न्यूझीलंडचा धडा : २००१ साली तेथील व्हांगामाटा बंदरात असा एक थर आढळला. पॅट्रिशिया कॉट यांनी २००२ मध्ये त्यास डिडेम्नम व्हेक्सिलम हे नाव दिले व तो तेथील मूळचा मानला. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नमुन्यांना त्यांनीच २००४ मध्ये डिडेम्नम व्हेस्टम असे नाव दिले. ग्रेचेन लॅम्बर्ट यांनी अनेक देशांतील नमुने ताडून २००९ मध्ये दाखवले की, ही जात एकच असून बहुधा मूळची जपानची आहे. जपानमध्ये १९२६ साली गोळा केलेला नमुनाही तिचाच निघाला. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव ग्राह्य, म्हणून व्हेक्सिलम कायम राहिले. दरम्यान देशी की परकी या घोळात मोलाचा वेळ गेला. शिंपल्यांच्या शेतीचा भाग असलेल्या मार्लबरोपर्यंत ही जात पोहोचली. तिच्या समूळ उच्चाटनाचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत.

आपण काय करावे?

१) थर खरवडून पाण्यात टाकू नये. तुकडे पुन्हा चिकटून वाढतात. किनाऱ्यावर आणून उन्हात पूर्ण वाळवावा.

२) नमुना घेण्यापूर्वी रंगीत छायाचित्र काढावे. द्रावणात ठेवल्यावर रंग जातो.

३) एक तुकडा अल्कोहोलमध्ये डीएनए तपासणीसाठी ठेवावा. दुसरा जाणकाराकडून फॉर्मॅलिनमध्ये ठेवून घ्यावा. त्यात टाकणखार घालणे आवश्यक आहे, अन्यथा आम्लामुळे चुन्याचे काटे विरघळतात व ओळखच पुसली जाते.

४) ठिकाण, तारीख व पाण्याची खोली चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती बाटलीत टाकावी.

असा नमुना रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेतील तज्ज्ञांना दाखवावा. आधी नाव निश्चित करावे, मगच पुढील उपायावर खर्च करावा.