ट्रक नसलेला रस्ता

प्रश्न : माझा भाचा फ्रान्समध्ये लिऑनला नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो खेड्यांतल्या चढउतारांच्या रस्त्यांवर सायकल चालवतो आणि सांगतो, की तासाभरात पाच-सहा मोटारी दिसल्या तरी खूप. मला काही हे पटत नाही. त्या देशात मोटारी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, मग त्या जातात कुठे? डिसेंबरात तो अमळनेरला येतोय आणि इथेही सायकल चालवायची म्हणतोय. जळगाव-धुळे जिल्ह्यांत असा रस्ता मिळेल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाचा खरं बोलतोय. मोटारी आहेत, पण त्या दुसऱ्या रस्त्यावर आहेत. शिवाय खेड्यांत माणसंच थोडी उरली आहेत.

२०११च्या जनगणनेत तुमच्या अमळनेर शहराची लोकसंख्या नव्वद हजारांवर होती. दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर नावाच्या आख्ख्या जिल्ह्याची वस्ती त्याहून कमी, ऐंशी हजारांच्या आतच. क्षेत्रफळ मात्र पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे धुळे जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडं जास्तच. लोझेर हे टोकाचं उदाहरण झालं, लिऑनच्या आसपास एवढी सामसूम नसते. पण एकोणिसाव्या शतकापासून फ्रान्सची खेडी शहरांकडे ओसरत गेली, हे तिकडे सगळीकडेच घडलं. माणसं गेली आणि रस्ते राहिले. देशातल्या रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरच्या वर आहे. त्यातले जलदगती महामार्ग जेमतेम बारा हजार किलोमीटरचे, आणि लांब पल्ल्याचे ट्रक व घाईतली माणसं बहुतेक त्यांवरच असतात. उरलेल्या लाखो किलोमीटरवर दूधवाला, टपालवाला आणि तुमचा भाचा.

बाकीचं काम नियमांनी केलं आहे. साडेसात टनांवरच्या मालट्रकांना शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत, काही सवलती सोडल्या तर, रस्त्यावर यायला बंदी असते. सायकलला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडावं लागतं. दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा जुलै २०१८मध्ये ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणली. त्यावर खेड्यापाड्यांत मोठी ओरड झाली आणि काही जिल्ह्यांनी पुढे ती परत ९० केली. शिस्त तिथेही कुणी आनंदाने पाळतं असं नाही.

आता आपल्याकडे. जळगाव जिल्ह्यात २०११ साली ४२ लाखांवर माणसं होती, धुळ्यात वीस लाखांवर. एवढ्या वस्तीत निर्मनुष्य रस्ता शोधणं व्यर्थ आहे, आणि शोधायची गरजही नाही. सायकलवाल्याला त्रास माणसांचा नसतो, ट्रकचा असतो. ट्रकच्या बाबतीत धुळ्याचं नशीब पहिल्यापासून खोटं. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा, असे तिन्ही महामार्ग त्या एका शहरात येऊन मिळतात. म्हणून लळिंगचा किल्ला शहरापासून हाकेच्या अंतरावर असूनही सायकलने जायला मी सुचवणार नाही. तो आग्रा रोडला खेटूनच आहे. सोनगीरचंही तेच. जळगाव जिल्ह्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता नकाशावर मोठा मोहक दिसतो. उत्तरेला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी ओळीने गावं. पण केळी बागेतून निघाली की ट्रकमध्येच चढते, हे विसरू नका.

पाहायचा तो मैलाचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. या दोन्हींपासून लांब राहावं. केशरी असेल तर तो ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, आणि पूर्वी पावसाळ्यात गुडघाभर गाऱ्यात रुतणाऱ्या कित्येक वाटांवर त्यानंतर डांबर आलं. भाच्याच्या फ्रेंच रस्त्यांचे खानदेशातले भाऊबंद ते हेच. रुंदीने लहान, एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडणारे, आणि लांबच्या ट्रकला ज्यांचा काही उपयोग नाही असे.

त्यातही नदीकाठी जाऊन संपणारे रस्ते अधिक निवांत. संगमावरची देवळं बहुधा अशा टोकालाच असतात. तापी आणि पांझरेच्या संगमावरचं मुडावदचं कपिलेश्वर, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव. दोन्हीकडे महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तेवढा एक दिवस टाळा.

आणखी एक खूण आहे, आणि ती मला दगडापेक्षा भरवशाची वाटते. शाळेच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभं राहा. आठवी-नववीच्या मुली, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर, तिघी-तिघी शेजारी गप्पा मारत चालल्या असतील, तर तो रस्ता चांगला. एकामागे एक, गप्प, अगदी कडेच्या मुरमावरून चालल्या असतील, तर त्या रस्त्याने जाऊ नका. कुठल्याही खात्याच्या वाहतूक मोजणीपेक्षा त्यांना जास्त कळतं.

चढउतारांचं म्हणाल तर जळगावकडचा तापीकाठ त्याला निराश करील. नदीने आणलेल्या गाळाची ती सपाट जमीन. केळीला उत्तम, पण सायकलवाल्याच्या पायांना कंटाळवाणी. उंचसखल मुलूख हवा असेल तर धुळे जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे साक्री तालुका. तिथे जमिनीच्या भेगांत वर येऊन थिजलेल्या लाव्हाच्या लांबच लांब पट्ट्या आहेत. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला आणि या टणक पट्ट्या बहुतांशी पूर्व-पश्चिम अशा काळ्या भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. धुळे-नंदुरबारचा हा डाइकसमूह दख्खनच्या पठारावरच्या मोठ्या समूहांपैकी एक. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता या भिंती एकामागून एक ओलांडत जातो, म्हणून तिथे सारखी चढण आणि उतरण. खालच्या बाजूला पांझरा आणि कान नद्यांच्या खोऱ्यात जुन्या फड पद्धतीचे बंधारे आहेत. पाण्याची वाटणी गावाने मिळून करायची ही रीत ज्याला समजून घ्यायची असेल त्याने पिंपळनेरच्या बाजूला सायकल न्यावी. वाऱ्याचा अंदाज मात्र आधी घ्या. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगाच तिथे उभ्या केलेल्या नाहीत. जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर येतो, आणि तो कुठल्याही चढापेक्षा वाईट.

खरा घाटच चढायचा असेल तर रावेर तालुक्यातलं पाल आहे, सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या कुशीत. चाळीसगावहून पाटणादेवीचा रस्ताही चांगला. चाळीसगावजवळच्याच औट्रम घाटाची कहाणी गमतीची आहे. ट्रकांच्या कोंडीने तो वर्षानुवर्षं बदनाम होता. २०२३मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी झाली. फ्रान्समध्ये जे सरकारी नियमाने होतं ते आपल्याकडे कोर्टाने केलं. तरी मोटारी आणि दुचाकी तिथे पुष्कळ, म्हणून नवशिक्याला मी तिकडे पाठवणार नाही.

भाचा आणखी एक गोष्ट विचारील, कारण फ्रान्समध्ये ती सर्रास दिसते. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर तिथे फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. बरगंडीतली जिव्हरी ते क्लुनी ही वाट १९९७ची, त्या देशातली या प्रकारची पहिली म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची शंभरएक वर्षांची नॅरोगेज बंद पडली, तेव्हा काही हौशी मंडळींच्या मनात हेच आलं असणार. पण तिथे ब्रॉडगेज व्हायची आहे, आणि मला तेच योग्य वाटतं. पहूर-जामनेरच्या माणसाला सायकलच्या वाटेपेक्षा गाडी जास्त हवी आहे. त्याऐवजी पाटाचे रस्ते बघा. गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांच्या कडेने पाटकऱ्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा आहेत. सपाट, कच्च्या, अधूनमधून लिंबाची सावली. पातळ टायरची शर्यतीची सायकल तिथे चालणार नाही, जाड टायर हवेत. पाऊस झाला असेल तर तिकडे फिरकूही नका; काळ्या मातीचा गारा चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो, की सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते.

डिसेंबर निवडलात हे उत्तम केलंत. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सायकल ओट्यावर असलेली बरी. थंडीत पहाटे निघावं आणि अकराच्या आत घरी यावं. भरिताचा मोसम तोच. बामणोदची वांगी तोवर बाजारात आलेली असतात, आणि परतल्यावर कळण्याच्या भाकरीबरोबर ती खाल्ली की चाळीस किलोमीटर वसूल. वाटेत खायचं म्हणाल तर केळ्यांच्या जिल्ह्यात ती चिंता कुणी करू नये. पाण्याचीही नाही. फ्रान्समध्ये सायकलवाले गावच्या दफनभूमीतल्या नळावर बाटल्या भरतात. इथे कुठल्याही पारावर थांबलात तर आधी 'कथा जाई ऱ्हायनात भाऊ?' असं विचारतील आणि मग तांब्या पुढे करतील. उत्तर दिल्याशिवाय निघता येत नाही, तेवढा वेळ हिशेबात धरा.

रस्त्यावर कुणी मका किंवा सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं तर उतरून बाजूने जावं. कपाशीचं ट्रॅक्टर समोरून आलं तर सरळ थांबावं, कारण गाठोडी दोन्ही बाजूंना रस्ताभर फुगलेली असतात. आणि सायकल झाडाखाली लावण्याआधी ते झाड बाभळीचं नाही ना, हे भाच्याला बघायला सांगा. लिऑनला त्याची सवय नसेल. दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्या पिशवीत तुम्हीच टाका. गावरस्त्यावर पंक्चरवाला सापडतो, पण तो सकाळी नवाच्या आत दुकान उघडत नाही.