मागचा शब्द वाचा

मंडळी, इंग्रजी अक्षरे ओळखता येऊ लागली की माणसाला मोठा धीर येतो. औषधाची बाटली, मोबाईलवरचा निरोप, कचेरीचे पत्र, सगळे थोडेथोडे उमगू लागते. पण इंग्रजीला एक खोड आहे. ती माहीत नसली तर अर्थ पार उलटा होतो. आम्हाला ती एकदा चांगली बाधली. ती हकीकत आधी सांगतो.

आम्ही तेव्हा नवे मास्तर होतो. मॅट्रिक झालेले, म्हणून गावात इंग्रजी कागद आला की तो आमच्याकडे यायचा. एका शेतकऱ्याच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. चार दिवसांनी दुसरे पत्र आले. बाप ते घेऊन शाळेत आला. आम्ही भराभर वाचले. पत्रात मुलाखत होती, सोमवार होता आणि ‘कॉल्ड ऑफ’ असे दोन शब्द होते. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, हे आम्हाला पाठ. मागच्या ‘ऑफ’कडे आम्ही पाहिलेच नाही. म्हणालो, “सोमवारी बोलावलंय. धाडा पोराला.”

बापाने ज्वारीचे एक पोते विकले. पोरगा रात्रीच्या गाडीने गेला. कचेरीच्या दारात शिपायाने पत्र पाहिले अन् म्हणाला, “बाबा रे, मुलाखत रद्द झालीय. कागदावर तेच तर लिहिलंय.” पोरगा हात हलवीत परत आला. बाप आम्हाला वाकडा शब्द बोलला नाही. “पोतं गेलं ते गेलं, मास्तर,” एवढेच म्हणाला. आम्हाला मात्र आठ दिवस त्याच्या दारावरून जाववेना.

‘कॉल’ म्हणजे बोलावणे. ‘कॉल ऑफ’ म्हणजे ठरलेली गोष्ट रद्द करणे. एवढासा ‘ऑफ’ शेपटीला लागला आणि अर्थ उलटला.

इंग्रजीत अशा जोड्या हजारोंनी आहेत. पुढे क्रियापद, मागे एक चिमुकला शब्द : अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, आउट. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर घालणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग किंवा दिवा विझवणे. ठेवणे कुठेच राहिले नाही!

तुम्ही म्हणाल, ही कसली भाषा? पण आपल्या मराठीकडे पाहा. आपण म्हणतो, “त्याने तक्रार मागे घेतली.” कोणी पाठीमागे हात नेऊन काही घेतले का? नाही. “कामगारांनी संप मागे घेतला,” हे इंग्रजीत सांगताना हाच ‘कॉल ऑफ’ येतो. तेच ‘मागे’ दुसऱ्या क्रियापदाला जोडा. मागे पडला, मागे लागला. दर वेळी अर्थ निराळा. परका माणूस मराठी शिकू लागला, की “आजोबांच्या पाया पडलो” ऐकून त्याला वाटेल, हा ठेच लागून पडला! आपल्याला हे आईच्या मांडीवर मिळाले, म्हणून त्याचे कष्ट कळत नाहीत.

इंग्रजांनाही ही अडचण ठाऊक होती. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या पंडितांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. परक्या माणसाला सर्वांत जड जातात त्या याच जोड्या, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे.

आता तिसरा शब्द. जोडीच्या मागे कधी आणखी एक शब्द येतो आणि तिकडी होते. हा तिसरा शब्द बहुधा आपल्या ‘शी’, ‘ला’, ‘च्या’ यांच्यासारखे काम करतो. कोणाशी, कशाला, कशाच्या, ते दाखवतो. ‘गेट ऑन’ म्हणजे गाडीत चढणे. त्याला ‘विथ’ जोडला आणि पुढे माणसाचे नाव आले, की अर्थ होतो त्या माणसाशी पटणे. “सुनेचे सासूशी चांगले पटते,” हे सांगायला ‘गेट्स ऑन विथ’. येथे ‘विथ’ म्हणजे आपला ‘शी’. पण ‘विथ’च्या पुढे माणसाऐवजी काम आले, तर “काम चालू ठेवा” असा अर्थ होतो. म्हणून तिकडीच्या पुढचा शब्दही पाहावा.

‘पुट अप’ म्हणजे उभारणे, टांगणे. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, चालवून घेणे. ‘लुक’ म्हणजे पाहणे. ‘लुक अप टू’ म्हणजे एखाद्याला मान देणे, आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे त्याला तुच्छ लेखणे. या दोन लक्षात ठेवायला सोप्या. मान वर करून पाहिले की आदर, खाली पाहिले की तुच्छता.

‘रन आउट’ तर क्रिकेट पाहणाऱ्या पोरांना पाठच असते. पण दुकानदार ‘रन आउट ऑव्ह युरिया’ म्हणाला, तर कोणी बाद झाला नाही. युरिया संपला, एवढेच! हा ‘ऑव्ह’ एका ‘एफ’चा. त्याचा अर्थ आपल्या ‘चा, ची, चे’सारखा. ‘कॉल ऑफ’मधला ‘ऑफ’ दोन ‘एफ’चा. पुष्कळ जण दोन्ही सारखेच बोलतात. वाचताना ‘एफ’ मोजा.

जिथे चुकून चालणारच नाही असे एक वाक्य सांगतो. औषधाच्या बाटलीवर पुष्कळदा छापलेले असते : ‘कीप आउट ऑव्ह रीच ऑव्ह चिल्ड्रन’. नवा वाचणारा पहिला शब्द वाचतो, ‘कीप’, म्हणजे ठेवा. शेवटचा वाचतो, ‘चिल्ड्रन’, म्हणजे मुले. आणि अर्थ लावतो, मुलांजवळ ठेवा! मधले ‘आउट ऑव्ह’ म्हणजे ‘च्या बाहेर’. ‘रीच’ म्हणजे हात पोचेल तेवढी जागा. मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा, हा खरा अर्थ. आणि कुंपणाच्या दारावर नुसतेच ‘कीप आउट’ असले, तर आत पाऊल टाकू नका.

आता एक गंमत. या जोड्यांना बहुधा दुसरा भारदस्त शब्दही असतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांची फ्रेंच दरबारात आणि कोर्टात बसली. पुढे विद्वानांनी लॅटिन शब्दही आणले. म्हणून ‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’, आणि ‘कॉल ऑफ’ला ‘कॅन्सल’. इंग्रजांच्या पोराला घरातला ‘कॉल ऑफ’ सोपा वाटतो. आपले उलट. ‘कॅन्सल’ तर आपल्याकडे तिकिटाच्या खिडकीवर सगळेच बोलतात. त्या पत्रात ‘कॅन्सल’ असते, तर तो बाप स्वतःच समजला असता. आमच्याकडे यायची गरजच नव्हती!

वहीत लिहिताना नुसते ‘कॉल’ लिहू नका. अख्खी जोडी लिहा आणि शेजारी मराठी वाक्य लिहा. मधे शब्द घालायचा नियम थोडा घोटाळ्याचा आहे. “तो बंद कर” म्हणताना ‘स्विच इट ऑफ’, म्हणजे ‘इट’ मधे बसतो. पण ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळणे, ही जोडी फुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर इट’. तिकडीतही ‘इट’ बहुधा शेवटीच येतो, ‘पुट अप विथ इट’. वाचताना म्हणून थोडे पुढेपर्यंत पाहावे. शेपटीचा शब्द दोन शब्द सोडूनही बसलेला असतो.

अभ्यास : घरातली औषधाची किंवा फवारणीची बाटली घ्या. तिच्यावर ‘कीप’ शब्द कुठे आहे ते शोधा. त्याच्या मागचे सगळे शब्द वहीत उतरवा आणि उद्या वर्गात आणा.